हातगुण

“तोंड उघड बघू,” सासूबाई म्हणाल्या.

मी दारातच होते. चपला पायात, डब्याची पिशवी खांद्याला. मला वाटलं, थट्टा चाललीय. लहान पोरासारखा मोठा आ केला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, नाक पुढं आणलं, एकदाच हुंगलं आणि मागं सरकल्या.

“लसूण.”

“काहीतरीच काय, आई.”

“माझं नाक अजून शाबूत आहे. लसूण खाऊन आलीयेस तू.”

“श्रावण चाललाय. मी लसूण खाईन का?”

“तेच विचारतेय मी.”

त्यांनी पिशवीतून डबा काढला, तिथंच झाकण उघडून त्याचाही वास घेतला. आत त्यांनीच सकाळी केलेली दुधीची भाजी तळाला थोडी उरली होती. डब्यात काही सापडलं नाही म्हणून त्यांना बरं वाटायला हवं होतं. तसं काही चेहऱ्यावर दिसलं नाही.

आमच्याकडे कांदेनवमीला भजी, भरीत, थालीपीठ असं सगळं पोटभर खाऊन घ्यायचं आणि मग कार्तिकीपर्यंत कांद्या-लसणाचं नाव काढायचं नाही, ही जुनीच रीत. पण त्या वर्षी गोष्ट नुसत्या रीतीची नव्हती. मला दिवस गेले होते. आधीचं एक दुसऱ्याच महिन्यात गेलं होतं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं नुसती वाट बघण्यात गेली होती. या खेपेला मी सांगितलं तशा सासूबाई एसटीनं मिरजेहून वाडीला गेल्या, दत्तमहाराजांपुढं पदर पसरला आणि बोलून आल्या, की बाळ हातात येईपर्यंत सुनेच्या तोंडात कांदा-लसूण जाणार नाही. माझ्या वतीनं त्याच बोलल्या. मला विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. ते बाळ मला त्यांच्याइतकंच हवं होतं. खरं सांगायचं तर जास्तच.

“शपथ घे,” त्या म्हणाल्या.

मी पोटावर हात ठेवला. “याची शपथ. लसूण मी डोळ्यांनी बघितलासुद्धा नाही.”

“याची नको गं घेऊ,” त्या घाईनं म्हणाल्या आणि माझा हात पोटावरून काढून टाकला.

मी तेव्हा काय काम करत होते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिरजेच्या बाहेर माळावर आमचं सौर संशोधन केंद्र होतं. एका सेलच्या डोक्यावर दुसरा सेल बसवायचा, हा आमचा उद्योग. खाली नेहमीचं सिलिकॉन, वर एका काळ्या पदार्थाचा केसाहून पातळ थर. वरचा थर निळा-हिरवा उजेड घेतो, त्याला न पचणारा तांबडा उजेड खालच्याला मिळतो. एकच ऊन, पण खाणारे दोघं, म्हणून वीज जास्त. याला टँडम म्हणतात. सायकलवर डबलसीट बसतात तसलाच प्रकार, फक्त इथं मागच्यानंही पायडल मारायचं असतं.

शंभर भाग ऊन पडलं तर तीस भाग वीज निघाली पाहिजे, हे आमच्या सबनीस सरांचं स्वप्न. केंद्रात सगळे त्याला ‘तिशी’ म्हणायचे. मी एकोणतीस वर्षांची. “हेमांगी आधी तिशीला पोचते की सेल, बघू या,” असं सर चहाच्या टेबलावर म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. माझ्या घरातही तिशीचीच धास्ती होती, फक्त तिथं कुणी हसत नव्हतं.

वरच्या थरात शिसं असतं. एका जड, वंगणासारख्या द्रावकात ते विरघळवायचं, पिवळंधमक पाणी होतं, ते गरगर फिरणाऱ्या चकतीवर सोडायचं आणि मग तव्यावर शेकायचं. शेकताना पिवळ्याचं काळं होतं. हवेतली ओल लागली तर थर बिघडतो, असं आम्ही शिकलेलो. म्हणून हे सगळं काचेच्या एका बंद पेटीत चालायचं. पेटीत कोरडा नायट्रोजन भरलेला, आणि समोर दोन जाड काळे रबरी हातमोजे पेटीलाच जोडलेले. आपण बाहेर बसायचं, हात तेवढे मोज्यांतून आत. मिरज म्हणजे तंबोऱ्या-सतारींचं गाव, त्यामुळं केंद्रातला विनोदही तसलाच. “हेमांगी पेटीवर बसली की सूर लागतो,” असं सर म्हणायचे.

आणि लागायचा खरंच. तोच पदार्थ, तीच चकती, तोच तवा. बाकीच्यांचे सेल सत्तावीसच्या आसपास घुटमळायचे. माझ्या हातचे अठ्ठावीस, साडेअठ्ठावीस. थर असा काळा कुळकुळीत यायचा, की त्यात तोंड बघावं.

“हातगुण म्हणतात तो हाच,” सर पाहुण्यांना सांगायचे. “आमच्या हेमांगीचा हात लागला पाहिजे.”

माझ्या या हातांना जन्मात कुणी चांगलं म्हटलं नव्हतं हो. तळहाताला सतत घाम. परीक्षेत उत्तरपत्रिका ओली व्हायची. मंगळागौरीत माझ्याशी फुगडी घालायला कुणी यायचं नाही, कारण हात निसटायचे. लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला अशीच कोपऱ्यात बसले होते, तर सासूबाईच उठल्या, त्यांनी माझे दोन्ही तळहात आपल्या पदराला खसाखसा पुसले आणि माझ्याशी दणकून फुगडी घातली. मी त्यांना जीव लावला तो त्या दिवसापासून.

पेटीवर बसताना बाकीचे आतून सुती मोजे घालायचे. माझे थोड्याच वेळात चिंब व्हायचे, बोटं वळायची नाहीत. सर म्हणाले, “तू ते सोडून दे, उघडा हात घाल. बाहेर एवढं जाड रबर आहे ना.” म्हणून मी उघड्या हातानं बसायचे.

दिवस गेल्याचं मी सरांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. लपवलं नव्हतं.

“सर, शिशाचं काम आहे. मी दुसऱ्या कामावर जाऊ का?”

ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “अगं, पेटी बंद आहे. आतलं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जात नाही. तुझ्या देवघराइतकी सुरक्षित समज. आणि आत्ताच तू उठलीस तर तिशी राहिलीच.”

“आतली ओल दाखवणारा मीटर बंद आहे, सर.”

“त्याचा भाग परदेशातून यायचाय. सेल चांगले येतायत ना? मग पेटी चांगलीच आहे.”

हे मला पटलं. सेल चांगले येतायत म्हणजे ओल नाही, यात चुकीचं काय आहे? तुम्हालाही पटलं असतं.

तर तो लसणाचा वास. मला स्वतःला तो कळायचा नाही. जिभेवर मात्र काहीतरी चमत्कारिक चव यायची, कच्च्या शिंपल्यासारखी, आणि पाणी प्यायलं तरी जायची नाही. डोहाळ्यांत असं होतं म्हणून मी सोडून दिलं. लवंग चघळून बघितली, वेलची चघळली. सासूबाई रोज संध्याकाळी दारात उभ्या.

“आजही.”

“आई, देवाशपथ.”

“देवाला यात ओढू नको. तोच ऐकतोय.”

गणपती आले. माझे यजमान श्रीधर जतच्या बँकेत होते, शनिवारी घरी यायचे. त्यांना सासूबाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं, चेहरा थोडा मागं नेला आणि म्हणाले, “थोडासा येतोय गं. चटणीबिटणी खाल्लीस का कुणाच्या डब्यातली? खाल्लीस तर खाल्लीस, मी काही म्हणणार नाही.” मला इतकं रडू आलं. ज्यानं विश्वास ठेवायचा तो माफ करायला बसला होता.

रविवारी संध्याकाळपर्यंत वास जायचा. सोमवारी मी कामावरून आले की परत. हे सासूबाईंच्या ध्यानात आलं, माझ्या नाही.

“रविवारी घरात असतेस म्हणून येत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “म्हणजे तिथंच खातेस.”

हिशेब त्यांचा बरोबर होता. तिथंच काहीतरी होतं.

मग त्यांनी मला देवघरात येऊ देणं बंद केलं. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. फक्त मी फुलं घेऊन गेले की त्या हात पुढं करून दारातच घ्यायच्या. नैवेद्याचं ताट मी वाढायचं नाही. एकदा सकाळी उठून बघते तर त्या एकट्याच वाडीला निघालेल्या.

“कशाला, आई?”

“माफी मागायला.”

“कशाची?”

त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि गेल्या. त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. कशाची ते सांगता येत नव्हतं. आपण काही केलेलं नाही हे माहीत असताना आपणच काहीतरी करतोय असं वाटत राहायचं. रात्री झोपले की मी स्वतःच्याच तोंडापुढं ओंजळ धरून हुंगायचे.

केंद्रात मात्र आनंदीआनंद. माझा एक सेल साडेएकोणतीसच्या पुढं गेला. सरांनी सगळ्यांना पेढे दिले. “नवरात्र संपायच्या आत तिशी,” म्हणाले. मी जास्त वेळ पेटीवर बसायला लागले. जितकी जास्त बसायचे तितके सेल चांगले यायचे आणि घरी सासूबाई तितक्या गप्प व्हायच्या.

दसऱ्याच्या आधी तौफिक मुजावर परत आला. तो आमचा रसायनवाला. द्रावणं तोच बनवून ठेवायचा, पण उन्हाळ्यापासून प्रशिक्षणाला बंगळूरला होता. पहिल्याच दुपारी डबा घेऊन माझ्यासमोर बसला, दोन घास खाल्ले आणि हसला.

“काय मॅडम, चातुर्मास मोडला वाटतं. लसणाचा घमघमाट सुटलाय.”

मी पोळी ताटलीत टाकली आणि रडायलाच लागले. “तूपण? तौफिक, मी तीन महिने लसणाला शिवले नाहीये. घरी माझं जिणं मुश्किल झालंय. तूपण तेच म्हण.”

त्याचं हसू गेलं. त्यानं डब्याचं झाकण लावलं.

“तोंडात चव कसली येते?”

“कच्च्या शिंपल्यासारखी.”

“सुट्टीच्या दिवशी?”

“नाही येत.”

तो उठला. “चला.”

“कुठं?”

“पेटीकडं. मॅडम, आपलं ते द्रावक, ते कातडीला लागलं की सरळ रक्तात उतरतं, आणि श्वासातून लसणासारखा वास येतो. कुठल्याही रसायनवाल्याला विचारा. ज्यानं लसूण खाल्ला नाही त्याच्या तोंडाला वास आला, तर हात बघायचा.”

“पण ते नुसतं द्रावक. त्यानं काही होत नाही ना?”

तो चालत राहिला. दारापाशी गेल्यावर म्हणाला, “नुसतं कुठं असतं ते? त्यात विरघळलेलं असतं ते घेऊनच आत जातं.”

मी त्याच्या मागोमाग आत गेले.

त्यानं वाटीत साबणाचा फेस केला, उजवा काळा मोजा बाहेरच्या बाजूला उलटा ओढून घेतला आणि त्यावर फेस फासला. सायकलवाला पंक्चर काढताना करतो तसंच. पेटीतला वायू दाबाखाली असतो, छिद्र असेल तर तो बाहेर येणारच. आधी काहीच झालं नाही. मग अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात, जिथं मी चिमटा धरायचे तिथं, एक बुडबुडा आला. फुगला, फुटला. त्याच जागी दुसरा आला.

आम्ही दोघं बघत राहिलो. तेवढ्यात सर आत आले.

“काय चाललंय?”

“मोज्याला भोक आहे, सर,” तौफिक म्हणाला. “मॅडमच्या हाताला द्रावण लागतंय. शिशासकट. आणि कधीपासून ते कुणाला माहीत.”

सर खाली वाकले. बुडबुडा आला, त्यांनी तो नीट बघितला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता ते घाबरतील. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळंच काही उमटलं.

“म्हणजे घाम,” ते स्वतःशीच म्हणाले. “हिच्या हाताचा घाम. ओल आत जातेय, अगदी थोडी. आणि थर बिघडायच्या ऐवजी सुधारतोय. ओल नको असं सगळे म्हणतात, आणि थोडी हवीच आहे. हातगुण, हातगुण म्हणत होतो तो हा.”

“सर,” मी म्हटलं, “मला पाचवा चाललाय.”

“हो. हो, अगं. मोजा उद्याच बदलू.” ते भानावर आल्यासारखे झाले, पण पुरते आले नाहीत. “फक्त आज एक बॅच करून घेऊ. याच मोज्यानं. नाहीतर हे सिद्ध कसं करणार?”

“मी करतो,” तौफिक म्हणाला. “पण माझे हात कोरडे आहेत, सर.”

सरांनी माझ्या हातांकडं बघितलं. माझ्याकडं नाही, हातांकडं.

“एकच बॅच,” ते मऊ आवाजात म्हणाले. “हेमांगी, इतक्या महिन्यांत जे व्हायचं ते झालंच असेल. एका दुपारनं काय फरक पडणार आहे?”

वाईट माणूस नव्हता तो. माझ्या लग्नात त्यानं भांड्यांचा सेट दिला होता. म्हणूनच ते वाक्य मला आजही ऐकू येतं.

मी पर्स उचलली आणि तिथून निघाले. मागं काहीतरी फाटल्याचा आवाज आला. तौफिकनं चाकूनं मोजा मनगटापासून कापला होता. पेटीतला वायू फुसकारत बाहेर येत होता आणि सर मोठ्यानं ओरडत होते. मी वळून बघितलं नाही.

रक्त तपासलं. शिसं निघालं, असायला हवं त्याच्या कितीतरी पट. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला, काही गोळ्या बदलल्या, सोनोग्राफी केली. ठोके होते. श्रीधर रजा टाकून आले, माझ्याजवळ बसून राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, “माझं चुकलं.” सासूबाई दवाखान्याच्या बाकावर माळ ओढत होत्या. दसरा झाला. कोजागरीच्या दिवशी ठोके नव्हते.

“शिशामुळंच का?” मी विचारलं.

“तसं छातीठोक सांगता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “तुमचं आधीही एक गेलं होतं. पण नाही, असंही मी म्हणणार नाही.”

घरी आल्यावर सासूबाईंना मी सगळं समजावून सांगितलं. पेटी, मोजा, छिद्र, द्रावण. एखाद्या विद्यार्थिनीला सांगावं तसं सावकाश सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे हाताला लागलं,” त्या म्हणाल्या, “आणि तोंडाला लसणाचा वास आला.”

“हो, आई.”

“बरं.”

ते ‘बरं’ पुढं वर्षानुवर्षं आमच्या दोघींच्या मध्ये राहिलं. चोरून खाणाऱ्या सुनेनं रचलेली थाप नेमकी अशीच असते. श्रीधर आईला समजवायला गेले, तर तू गप्प बैस म्हणाल्या. त्यानंतर मला पुन्हा दिवस गेले नाहीत. मी केंद्र सोडलं, सांगलीला कॉलेजात शिकवायला लागले. केंद्रानं पुढं ओल मोजूनमापून पेटीत सोडायची युक्ती काढली आणि तिशी गाठली. वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला होता. श्रीधरनी ते पान काढून ठेवलं नाही आणि मी मागितलं नाही. सासूबाई कार्तिकी झाली तरी लसूण खायच्या नाहीत. त्या वर्षी नाही, नंतर कधीच नाही.

त्या गेल्या, त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी वाटी बाजूला सारली.

“हेमा, एकदाच खरं सांग. मी रागवायची नाही. आता कुठं रागावू?”

“काय, आई?”

“तेव्हा खाल्ला होतास ना लसूण?”

मी वाटी खाली ठेवली. पुन्हा ते सगळं सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्या पुढं बोलत होत्या, धाप लागत होती तरी.

“तू खाल्ला नसशील, तर मग महाराजांनी का नेलं गं? मी तर पदर पसरला होता. रोज विचारते मी त्यांना. मी बोलायलाच नको होतं का? माझंच काही चुकलं का?”

इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या माझ्यावर आरोप करतायत. त्या तर कुणावर तरी दोष जावा म्हणून धडपडत होत्या, म्हणजे तो त्यांच्यावर आणि त्यांच्या देवावर यायचा नाही. खरं मला माहीत होतं. पण ते घेऊन त्या काय करणार होत्या? ज्या हातांना त्यांनी भर मंगळागौरीत आपल्या पदरानं पुसलं, त्याच हातांतून ते आत गेलं होतं. हे मलाच अजून सोसत नाही.

“हो, आई,” मी म्हटलं. “खाल्ला होता.”

“कुठं?”

“स्टँडजवळच्या गाडीवर. भेळ घ्यायची मी येताना. त्यात लसणाची चटणी असायची.”

“रोज?”

“रविवार सोडून रोज. डोहाळे लागले होते. राहवायचं नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काही बोलतील, निदान तोंड तरी फिरवतील. त्यांचा चेहरा मात्र सैल होत गेला. कपाळावरची आठी मी किती वर्षं बघत होते, ती हळूहळू गेली.

“वाटलंच होतं मला,” त्या म्हणाल्या. “आधी सांगायचंस ना, वेडे. महाराजांवर उगीच रुसून बसले मी.”

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. उलटा करून बघितला, आणि पदराचं टोक घेऊन माझा तळहात पुसायला लागल्या.

“किती गं घाम येतो तुझ्या हाताला,” त्या म्हणाल्या.